चुलीखालचा पत्रा

ओटिलीचं घर जमिनीपासून पाच फूट वर उचललं, तेव्हा टेबलावरच्या कपातली कॉफीसुद्धा हिंदकळली नाही. मुकादमाची शिट्टी वाजली की घराखालची चाळीस माणसं आपापल्या जॅकला एकदम पाव फेरा द्यायची, आणि घर केसभर वर सरकायचं. वादळाला पाच वर्षं होत आली होती. समुद्र पुन्हा आत शिरला तर गाव उंचावर असावं, म्हणून गॅल्व्हस्टन असं गल्लीगल्लीनं वर चाललं होतं. मागून पाइपातून वाळूचा रेंदा यायचा आणि घराखालची पोकळी कायमची बुजवून टाकायचा. ओटिलीच्या गल्लीत तो गुरुवारी दुपारी येणार होता.

बुधवारी सकाळी ती घराखाली निघाली. आपलं घर खालून कसं दिसतं, हे बघायची अशी संधी कुणाला मिळते?

"बाई, घर डोक्यावर आलं तर मला बोलायचं नाही," मुकादम म्हणाला.

"डोक्यावर आल्यावर बोलणार कशी?" म्हणत ती वाकून आत शिरली.

खाली कोळिष्टकं होती, सुकलेली कण्हेरीची पानं होती. स्वयंपाकघराच्या खाली येऊन तिनं वर पाहिलं आणि पाहतच राहिली. फळ्यांवर हिरवे आणि सायीच्या रंगाचे चौकोन रंगवलेले होते, बुद्धिबळाच्या पटावर असतात तसे.

हे घर वादळात मोडलेल्या घरांच्या लाकडातून तिच्या नवऱ्यानं, गुस्टावनं, उभं केलं होतं. गावातली निम्मी घरं तशीच. पण उलट्या ठोकलेल्या फळ्यांना असा चेहरा असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"ढिगाऱ्यात फळ्यांचा अख्खा तुकडा सापडला होता," तिनं वर येऊन विचारल्यावर गुस्टाव म्हणाला. "त्याच क्रमानं ठोकला. तुला हिरवा रंग आवडत नाही ना, म्हणून पालथा."

"पण होता कुणाचा?"

"ओटिली, तेव्हा कुणी कुणाला विचारत नव्हतं."

आता विचारायचं, असं तिनं ठरवलं. गल्लीत रस्त्याऐवजी फळ्यांचे उंच पूल बांधले होते, त्यामुळे जाणारायेणारा सरळ खिडकीतून डोकावायचा. शेजारच्या स्कॅनलनबाई तर रोज काठी टेकत थांबायच्या आणि पडदे किती मळलेत ते सांगून पुढे जायच्या. आज त्यांनी तोंड उघडायच्या आतच ओटिलीनं चौकोनांचं विचारलं.

स्कॅनलनबाईंनी खिडकीची चौकट धरली.

"दाराच्या बाजूला दोन हिरवे शेजारी शेजारी आलेत का गं?"

"ते नाही पाहिलं. का?"

"माझ्या बहिणीची चूक आहे ती. डिलियाची. मी ती दाखवली म्हणून मुद्दाम सुधारली नाही." बाईंनी काठी खिडकीला टेकवली. "वादळाच्या शनिवारी पाणी अंगणात आलं होतं. मी तिला म्हटलं, खोलीच्या मधोमध भोक पाड, पाणी आत येऊ दे, म्हणजे घर तरंगून वाहून जाणार नाही. आमचे वडील तेच करायचे. तर म्हणते, माझी रंगवलेली जमीन मी फोडू? कुऱ्हाड तिच्या दारात टाकली आणि तणतणत घरी आले. माझ्याच हातानं दोन घाव घालायला काय झालं होतं मला?"

त्यानंतर डिलियाही दिसली नव्हती आणि तिचं घरही.

"चला," ओटिली म्हणाली.

"या पायानं?"

"उद्या दुपारनंतर बघायला काही उरणार नाही."

दोघी वाकून आत गेल्या. ओटिलीनं कंदील वर धरला. दोन हिरवे शेजारी शेजारी होतेच. स्कॅनलनबाईंची काठी चौकोनाचौकोनावरून फिरत गेली. सगळ्या फळ्या अखंड दिसत होत्या. कोपऱ्यापर्यंत जाऊन काठी खाली आली.

"नाहीच ऐकलं," त्या हळूच म्हणाल्या.

ओटिली मात्र मनात स्वयंपाकघर मांडत होती. इथे टेबल, इथे फडताळ, आणि चूल कुठे? चुलीखाली एक पत्रा होता. निखारे पडतात म्हणून ठोकला असेल, असं ती इतकी वर्षं समजत आली होती. ती चार पावलं सरकली. मध्ये एक जाड खांब होता, त्याच्यामागे कंदील नेला.

फळ्यांना परातीएवढं भोक होतं, आणि भोकातून पत्र्याची पाठ दिसत होती.

"लाटांनी फुटलं असेल," स्कॅनलनबाई म्हणाल्या. आशेला जवळ करायला त्या घाबरत होत्या.

ओटिलीनं कडेवरून बोट फिरवलं. "रंगाच्या बाजूनं घाव स्वच्छ आहेत. ढलप्या मागच्या बाजूला फुटल्यात. रंगावर उभं राहून कुणीतरी तोडलंय हे."

स्कॅनलनबाईंनी घाव मोजले. अकरा भरले.

"चारात होणाऱ्या कामाला अकरा! कुऱ्हाड धरायची अक्कल कधी आलीच नाही तिला." मग त्यांनी तोंडाला पदर लावावा तसा अॅप्रन लावला. अॅप्रनआडूनच म्हणाल्या, "वाचली नाही ती. ते मला कळतं. पण माझं ऐकलं होतं गं."

"फळ्या काढून देऊ का तुम्हाला? गुस्टाव आजच काढेल."

"आणि तू स्वयंपाक कुठे करणार? राहू देत."

गुरुवारी दुपारी रेंदा आला. घराखाली गडगडाट होत असताना स्कॅनलनबाई ओटिलीच्या चुलीजवळ खुर्ची ओढून बसल्या होत्या. पाय पत्र्यावर, हातात कॉफी.

"भोकाचं भांडण मिटलं आता," त्या म्हणाल्या. "पण दोन हिरव्यांचं मी सोडणार नाही. ती चूक ती चूकच!"