वायरमनच्या नंबरवर येणारा कोड

गिऱ्हाइकं गॅरेजातल्या त्या दोघांना कामावरूनच ओळखत: फिटर आणि वायरमन. इंजिन, ब्रेक, गिअर, म्हणजे ज्याने हात काळे होतात ते सगळं फिटरकडे. वायरी, सेन्सर आणि डबा वायरमनकडे. डबा म्हणजे गाडीला जोडून तिचं दुखणं वाचायचा स्कॅनर. बावीस वर्षं ही वाटणी तशीच राहिली.

वायरमन एका मंगळवारी सकाळी गेला. एका गाडीच्या डॅशबोर्डखाली डोकं घालून पडला होता, पाय दाराबाहेर. फिटरने चहा निवतोय म्हणून दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा तो उठून बघायला गेला.

दहा दिवसांनी गॅरेज उघडलं. फिटरने पहिले दोन दिवस हातांनी होणारी कामं काढली. तिसऱ्या दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी आली आणि डब्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. त्याने डबा चालू केला. पडद्यावर आलं: नोंदणीकृत मोबाइलवर सहा आकडी कोड पाठवला आहे.

नोंदणीकृत मोबाइल वायरमनचा होता. तो त्याच्या घरी, त्याच्या बायकोकडे होता. फिटरने जरा वेळ पडद्याकडे बघितलं आणि मग फोन लावला.

"वहिनी, आत्ता त्याच्या फोनवर एक मेसेज आला असेल."

वहिनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. आकडे सांगायचे म्हटल्यावर त्यांचा आवाज आपोआप बदलला. "लिहून घ्या. तीन शून्य. सात एक. चार चार."

"मिळालं."

"परत वाचून दाखवा."

त्याने वाचून दाखवलं. डबा चालू झाला.

दुसऱ्या दिवशी पावणेदहाला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी वहिनींनी विचारलं, "भाऊजी, हा डबा रोज यांना कशाला विचारतो? गाडी तुमच्यासमोर, डबा तुमच्या हातात. मग अडतंय कुठे?"

फिटर डब्याचा माणूस नव्हता, पण वायरमनच्या तोंडून इतकी वर्षं ऐकलेलं त्याला बरंच आठवत होतं. "डब्यात काही नसतं, वहिनी. तो नुसता निरोप्या. गाडी काय म्हणते ते तो इंटरनेटवरून कंपनीच्या मोठ्या कॉम्प्युटरला कळवतो आणि तिकडून उत्तर आणतो. गाड्या दर महिन्याला बदलतात. सगळ्यांची माहिती ह्या एवढ्याशा पेटीत मावायची कशी?"

"बरं. आणि कोड?"

"आता बघा, ब्रेकचा नवा पंप बसवला. पाना मारून मी बसवीन, पण गाडी त्याला ओळखतच नाही. कंपनीकडून परवानगी यावी लागते, तेव्हा कुठे ती त्याला आपला म्हणते. नाहीतर चोरीचा माल कुणीही कुठल्याही गाडीत घातला असता. म्हणून परवानगी कोण मागतंय हे त्यांना रोज तपासायचं असतं."

"आणि त्यांच्या लेखी मागणारे हेच."

"हो," फिटर म्हणाला.

तेव्हापासून ते रोजचंच झालं. पावणेदहाला फोन वाजायचा, वहिनी आकडे सांगायच्या, फिटर परत वाचून दाखवायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. हळूहळू त्याला शेपूट फुटलं: गुडघा कसा आहे, गॅस आला का, वरच्या मजल्यावरच्यांचं भांडण मिटलं का. वायरमनचं नाव मात्र दोघांपैकी कुणीच काढत नसे.

वहिनी तो फोन रात्रभर चार्जिंगला लावत. भाजीला जाताना पर्समध्ये आपला फोन आणि त्यांचा फोन, दोन्ही. थोरल्या बहिणीच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने बोलावलं, "महिनाभर ये गं, मला आधार होईल." बहिणीचं घर डोंगराच्या कुशीत, तिथे फोनला रेंज नाही. वहिनी म्हणाल्या, "गॅरेज अडेल, ताई." पुढच्या महिन्यात बहिणीने परत विचारलं. वहिनींनी परत तेच सांगितलं. त्यानंतर बहिणीने विचारायचं सोडून दिलं, आणि वहिनींना त्याची टोचणी लागून राहिली.

पाचव्या महिन्यात वहिनी डोळे तपासायला गेल्या. सकाळचा कोड देऊन झाला होता, त्यामुळे निवांत होत्या. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून त्यांना बाहेर बाकावर बसवलं. सव्वाअकराला पर्समधला त्यांचा स्वतःचा फोन वाजला.

"वहिनी, लाइन तुटली. डब्याने परत कोड मागितलाय. गाडी अर्धवट अडकलीय, जुना पंप विसरलीय आणि नवा अजून ओळखत नाही. लवकर सांगा, कोड दोन मिनिटांत संपतो."

वहिनींनी मिस्टरांचा फोन काढून डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला. आकड्यांच्या जागी दुधाळ डाग दिसत होता. "मला दिसत नाहीये, भाऊजी. थेंब घातलेत."

"शेजारी कुणी आहे का?"

शेजारी स्वागतकक्षातली मुलगी होती. वहिनींनी तो फोन तिच्यापुढे केला. तिने मेसेज बघितला आणि हात मागे घेतला. "काकू, कोड कुणाला सांगायचा नसतो. खालीच लिहिलंय बघा."

"अगं, आमच्याच माणसाला सांगायचाय."

"सगळे असंच म्हणतात. नंबर कुणाचा?"

"माझ्या मिस्टरांचा."

"मग त्यांनाच विचारू दे ना."

"ते नाहीत आता."

मुलीने वहिनींच्या हातातला दुसरा फोन घेतला. तो कानाला लावून तिने फिटरची उलटतपासणी घेतली: कोण, कुठून, मेलेल्या माणसाच्या नंबरवर रोज कोड कशाला. तेवढ्यात दोन मिनिटं संपली. फोन परत देताना ती मवाळ होऊन म्हणाली, "काकू, माझे बाबा गेले तेव्हा सगळीकडचे नंबर मीच बदलले. फॉर्म असतो त्याला. प्रत्येक कंपनीत असतो. एवढे महिने तुम्ही कशाला असं अडकून पडलात?"

डॉक्टरांनी आत बोलावलं, डोळे बघितले, ठीक आहेत म्हणून सांगितलं. वहिनींनी काळा चष्मा लावला, रिक्षा केली आणि घरी न जाता थेट गॅरेज गाठलं.

दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी पुन्हा आलेली, लिफ्टवर टांगलेली होती, तोंड उघडं टाकून. फिटर धावत आला. वहिनींनी फोन त्याच्या हातात दिला, त्याने नवा कोड मागवला, स्वतःच वाचला, घातला. काम पहिल्यापासून सुरू झालं. पडद्यावर पट्टी सरकू लागली. चाळीस मिनिटं लागणार होती. त्याने स्टूल पुसून पुढे केलं.

वहिनी बसल्या. "भाऊजी, नंबर बदलायचा फॉर्म असतो म्हणे."

फिटर फडक्याने एकेक बोट पुसत राहिला. "असतो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्याच आठवड्यात कंपनीने पाठवला. मृत्यूचा दाखला आणि घरच्यांची एक सही. ड्रॉवरमध्ये आहे."

"मग भरला का नाही?"

वहिनी त्याच्याकडे बघत होत्या, पण ऊन आणि थेंबांमुळे त्याचा चेहरा त्यांना नीट दिसला नाही. नुसता आवाज आला.

"भरला असता तर तुम्हाला फोन कशाला केला असता? इथे दिवसभर बोलायला कोण आहे? बावीस वर्षं समोर तो असायचा. सकाळी तुमच्याशी दोन शब्द झाले की दिवस ढकलता येत होता. आज भरू, उद्या भरू म्हणत राहिलो."

"ताईला मी दोनदा नाही म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "ती भिंतीला धरून चालायला शिकली. एकटी. का, तर म्हणे गॅरेज अडेल."

"हे मला नव्हतं माहीत."

"विचारलंत कुठे?"

पट्टी निम्म्यावर आली होती. वहिनी उठल्या. "फॉर्म काढा. कुठे सही करायची तिथे माझं बोट ठेवा. दाखल्याची प्रत उद्या पोचती करते."

त्याने बोट ठेवलं, त्यांनी सही केली. ती ओळ सोडून जरा वर गेली. डॉक्टरीणबाईंच्या गाडीने नवा पंप आपला म्हणून घेतला तेव्हा वहिनी तिथे नव्हत्या.

कंपनीला आठ दिवस लागले. शेवटचा कोड वहिनींनी सांगितला आणि परत वाचून न घेताच फोन ठेवला. सिम कार्ड बंद करून त्या बहिणीकडे गेल्या ते सात आठवडे राहिल्या. बहीण पहिले दोन दिवस फुगून होती, तिसऱ्या दिवशी तिने वहिनींकडून केस विंचरून घेतले. इकडे फिटरने वायरिंगच्या कामाला एक बाई ठेवली. ती दिवसभर रेडिओ लावायची, आणि तिला डब्यातलं त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं.

परत आल्यावर एका रविवारी वहिनींनी त्याला जेवायला बोलावलं. राग संपला होता असं नाही, पण तो घेऊन बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता. फिटर इस्त्रीचा शर्ट घालून आला, खुर्चीच्या कडेवर बसला. जेवण निम्म्यावर आलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला काम करताना शीळ घालायची सवय होती. एकच चाल, रोज. डोकं उठायचं."

"शीळ?" वहिनींनी वाढता हात थांबवला. "त्यांना शीळ येतच नव्हती. लग्नानंतर मीच शिकवायला बघितलं, जमली नाही."

"येत नव्हतीच, पण तरी घालायचा."

वहिनी हसल्या, आणि मग खुर्चीत मागे टेकून म्हणाल्या, "कशी? करून दाखवा बघू."

फिटरने घोटभर पाणी घेतलं, ओठांचा चंबू केला आणि नुसती हवा सोडली.

"हां," वहिनी म्हणाल्या, "अगदी अशीच," आणि त्याला अजून भात वाढला.