अवजाराला झोप लागते

ठाकुरवाडीच्या घाटात, रुळांच्या कडेला उभा असलेला मी, गाडीची वाट बदलणाऱ्या सांध्याचा दांडा बोलतोय. लोखंडाचा आहे, बोलणं जरा टणक लागेल.

एरवी माझा सांधा चढणीवरच्या आडफाट्याकडे वळलेला असतो. ब्रेक निकामी होऊन गाडी घसरत आलीच, तर तिने त्या चढावर जाऊन थांबावं. म्हणून उतरणारी प्रत्येक गाडी आधी इथे थांबते, मग शिट्टी देते. मग सांधेवाला मला ओढतो आणि कर्जतची वाट मोकळी होते.

माझा सांधेवाला शमुवेल. ख्रिस्ती, मोठा श्रद्धावान. मला ओढताना ओठांवर प्रार्थना असायची.

युद्धाचे दिवस होते. मालगाड्यांची रीघ लागलेली. एका संध्याकाळी दाट धुक्यातून शिट्टी आली आणि शमुवेलने मला ओढलं. गाडी थांबलीय का, हे पाहिलंच नाही. ती थांबली नव्हती. ती शिट्टी म्हणजे ब्रेक गेल्याची आरोळी होती. डबे समोरून सुसाट गेले आणि खालच्या वळणावर कोसळले. ब्रेकवाला कमळ्या, ठाकुरवाडीच्या गौराबाईचा एकुलता एक मुलगा, त्यात मेला.

चौकशीत दोष ब्रेकांवर गेला; गाडी इथे थांबून निघाल्यावर ते निकामी झाले, असं ठरलं. शमुवेलला कुणी काही विचारलं नाही. पण त्याला गाडी नसतानाही शिट्टी ऐकू येऊ लागली. धावत यायचा, मला घट्ट धरायचा आणि रिकाम्या रुळांकडे बघत राहायचा.

कर्जतहून पाळकबाबा समजवायला आले. "शमुवेल, प्रभूच्या मर्जीबाहेर काही घडतं का? आपण त्याच्या हातातली अवजारं."

वडीलधाऱ्यांचं हे असंच. प्रश्नावर झाकण ठेवायचं आणि त्याला सांत्वन म्हणायचं! अहो, अवजार मी आहे, मला विचारा. त्या रात्री मी गाढ झोपलो होतो. शमुवेलचा डोळा लागला नव्हता.

"मंग बाबा, माझाच हात का जळतोय?" शमुवेलने विचारलं. पाळकबाबांनी छत्री उचलली.

पुढे एकदा गौराबाई अपघाताची जागा बघायला आली आणि माझ्यापाशी थांबली. शमुवेल गप्प राहिला असता, तर कुणालाच कळलं नसतं.

"गौराबाई, गाडी थांबली नव्हती. मी बघितलं नाय. सांधा मीच ओढला."

ती त्याच्याकडे वळली. "आन् तुजा देव? तो कुठं व्हता रं?"

"तोबी इथंच व्हता. त्याच्या मनात काय व्हतं, ते मला उमगत नाय. पण दांड्यावर हात माझा व्हता."

क्षमेचा शब्द तिने काढला नाही. माझ्याजवळच्या धोंड्यावर बसली. तेवढ्यात वरून शिट्टी आली, तशी ती ओरडली, "थांबली का रं?"

शमुवेल पुढे गेला, चाकं निरखली. "थांबली, गौराबाई." मगच त्याने मला हात लावला.

त्यानंतर ती रोज येऊन बसायची, अगदी मरेपर्यंत.

आता माझ्यावर गंज चढतोय. जायच्या आधी एवढंच मागणं आहे. मला खुशाल अवजार म्हणा, स्वतःला म्हणू नका.

धोंडा आता रिकामा असतो. तरी शिट्टी झाली की शमुवेल दचकतो, पुढे जातो, चाकं निरखतो. मग धोंड्याकडे वळून सांगतो, "थांबली, गौराबाई."