चार नंबर रिकामा

आल्प्समधल्या आमच्या हिंटरलान गावच्या डोंगरावर संध्याकाळी साडेचारला लिफ्ट बंद होते आणि माझी शेवटची फेरी सुरू होते. वरपासून चार नंबरच्या उतारावर स्कीने उतरत यायचं, प्रत्येक वळणावर थांबून "बंद झालं, चला!" म्हणून ओरडायचं. कुणी पडलेलं असतं, कुणी बायकोवर रुसून बसलेलं असतं, कुणाला अजून एक फोटो हवा असतो. सगळ्यांना हाकलत खाली आणायचं. माझ्या मागे डोंगरावर कुणी राहता कामा नये. मग वॉकीटॉकीवर सांगायचं, "चार नंबर रिकामा." हे ऐकल्याशिवाय आम्ब्रोस गाडी हलवत नाही.

गाडी म्हणजे बर्फ सपाट करायचं यंत्र. चार नंबरचा उतार खालच्या अंगाला इतका उभा की ते आपल्या बळावर तिथे टिकत नाही. वर खडकात रोवलेल्या खांबाला पोलादी दोर अडकवायचा आणि त्याच्या आधाराने गाडी खालीवर करायची. दोर किलोमीटरभर लांब. ढिला असला की बर्फात गाडला जातो, दिसत नाही. गाडीने ओढ घेतली की उसळून कमरेइतका वर येतो आणि आडवाही सरकतो. मध्ये माणूस असला तर पुढचं मी सांगत नाही. आमच्या गावातल्या पोरांना हे आधी शिकवतात, पाढे नंतर.

आम्ब्रोस माझा नवरा होता. एकोणीस वर्षं होता, सहा वर्षांपूर्वी सोडला. भांडण कशावरून झालं म्हणून लोक विचारतात. अहो, भांडायला समोरच्याने तोंड तर उघडायला हवं! एकोणीस वर्षांत तो माणूस जेवढं बोलला तेवढं मी सकाळची कॉफी होईपर्यंत बोलते. आता तो गाडीच्या शेडवरच्या खोलीत राहतो. रस्त्यात दिसला की मी पलीकडच्या कडेने जाते. पण रोज संध्याकाळी आमची दोन वाक्यं चुकत नाहीत. मी म्हणते, "चार नंबर रिकामा, रेड्या." नाहीतर, "चार नंबर रिकामा, जा, घाल एकदाचं डोकं बर्फात." तो म्हणतो, "समजलं." आज कोणती शिवी येते म्हणून लिफ्टवरची मंडळी कान लावून बसतात.

यंदा फेब्रुवारीत माझ्या डाव्या गुडघ्याने मान टाकली. सकाळी सुजायचा, दुपारपर्यंत भोपळा व्हायचा. मी कुणाला सांगितलं नाही. आमचा साहेब श्टेगर हंगामाच्या सुरुवातीलाच म्हणाला होता, "बुर्गी, बावन्नची झालीस. पाय कुरकुरला तर सांग, गेटवर बसवतो तुला." गेटवर! मांडीवर शाल घेऊन लोकांचे पास बघत! सव्वीस वर्षं मी त्या डोंगरावरून सगळ्यात शेवटी उतरलेय. माझी बहीण रेझी खाली स्की भाड्याने द्यायचं दुकान चालवते, फक्त तिला ठाऊक होतं. रोज सकाळी तीच पट्टी बांधायची आणि बांधता बांधता मला गाढव म्हणायची.

मार्चचा पहिला आठवडा होता. दुपारपासून धुकं उतरलं होतं. वरच्या उपाहारगृहात मी सूप पीत होते, शेजारी एक बाई येऊन बसल्या. हार्म्सबाई, उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेनच्या. अडुसष्ट वर्षांच्या, आणि आठवड्यापूर्वी आयुष्यात पहिल्यांदा पायात स्की चढवलेली. नवरा दर हिवाळ्यात "पुढच्या वर्षी नेतो" म्हणायचा आणि पुढच्या वर्षीच्या आतच गेला, म्हणून एकट्या आल्या होत्या.

"बुर्गीबाई, मला चार नंबर जमेल का हो?"

"वरचा अर्धा जमेल. मग पाटी दिसली की डावीकडे वळायचं, जंगलातली सडक धरायची. ती थेट गावात आणून सोडते. सरळ मात्र जायचं नाही, खाली कढई आहे, एकदम उभा खोलगट उतार. मलाही तिथे देव आठवतो."

"आणि चुकले तर?"

"चुकलात तर आहात तिथे कडेला बसून राहायचं. हलायचं नाही. मी सगळ्यात शेवटी येते. तुम्हाला घेतल्याशिवाय जात नाही."

त्या खुदकन हसल्या. "मग काय, निवांत!" म्हणाल्या आणि माझ्या सुपाबरोबरचा पाव खाऊन गेल्या.

साडेचारला मी निघाले. वरच्या भागात तिघेजण मिळाले, त्यांना पुढे घातलं. पाटीपाशी आले तेव्हा गुडघा असा ठणकत होता की डोळ्यांत पाणी आलं. समोर कढई. दिवसभर लोकांनी उकरून ठेवलेले बर्फाचे उंचवटे, वर गोठून दगड झालेले, आणि सगळं धुक्यात बुडालेलं. मी कडेला उभी राहून ओरडले, "बंद झालं, चला!" उत्तर आलं का? खरं सांगते, मी ऐकायला थांबलेच नाही. डावीकडे वळले आणि सडकेला लागले.

कढईपासून सडकेवरच्या पहिल्या बाकापर्यंत वॉकीटॉकी मुकी असते. बाकापाशी थांबले, बटण दाबलं.

"चार नंबर रिकामा आहे, आम्ब्रोस."

थोडा वेळ नुसती खरखर आली. मग, "समजलं."

खाली लिफ्टघराच्या दारात लिफ्ट चालवणारा लोईस उभा होता. "काय गं बुर्गी, आज शिवी कुठे सांडलीस? ताप आलाय का?"

"तुला देऊ का उरलेली?" म्हटलं आणि रेझीच्या दुकानात शिरले.

रेझीने मला बाकावर बसवलं, पट्टी सोडली आणि बोलायला सुरुवात केली. मी ऐकत नव्हते. समोरच्या फळीकडे बघत होते. लोक स्कीचे बूट चढवतात तेव्हा स्वतःचे बूट त्या फळीवर ठेवून जातात. फळी रिकामी होती. फक्त कोपऱ्यात तपकिरी चामड्याचे बायकी बूट होते, आत लोकरीचे मोजे नीट घडी करून ठेवलेले.

"हे कुणाचे?"

"त्या ब्रेमेनच्या काकू. यायच्यात अजून. वर तुझ्याबरोबरच—" रेझीने माझ्याकडे पाहिलं. तिचा हात पट्टीवर थांबला. "बुर्गी, तू कढईत उतरली होतीस ना?"

मी उठले. पट्टी तशीच लोंबत होती. हार्म्सबाई मुक्कामाला होत्या त्या घरी रेझीने फोन लावला. घरमालकीण म्हणाली, पाचला केक खायला येते म्हणाल्या होत्या, अजून पत्ता नाही. घड्याळात पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. आम्ब्रोस पाचला दोर अडकवतो. वरचा अर्धा भाग करून कढईत शिरायला त्याला वीस मिनिटं लागतात.

आम्ब्रोसला फोन लावला. लागेना. वॉकीटॉकी हातात होती. पण तिच्यावर बोललेलं सगळे ऐकतात, लिफ्टवरचे, उपाहारगृहातले, आपल्या खोलीत बसलेला श्टेगर. अंगठा बटणावर होता आणि दाबला जात नव्हता. मी परत फोन लावला. आणखी एकदा लावला. एक म्हातारी बाई माझ्या शब्दावर बर्फात बसली होती आणि मी आपली लाज झाकत तीन मिनिटं फोन लावत बसले. ती तीन मिनिटं मला कुणी माफ करू नये.

शेवटी रेझी ओरडली, "दाब ना मेले!"

"आम्ब्रोस, थांब! दोर सोड! कढईत माणूस आहे!"

खरखर. पुन्हा म्हटलं. पुन्हा खरखर. म्हणजे तो कढईपाशी पोचला होता, जिथे माझा आवाज जात नाही.

लोईस धावत बाहेर आला. "पण तूच तर म्हणालीस ना रिकामा—"

"स्कूटरची चावी दे."

"अगं पण—"

"चावी दे लोईस, नाहीतर मुस्काट फोडीन!"

बर्फावरची स्कूटर घेऊन मी सडकेने वर निघाले. पूर्ण वेग दिला. प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यातून कळ डोक्यात जायची आणि मी म्हणायची, बरं झालं, भोग. देवाला म्हटलं, गेटवर बसेन. आयुष्यभर पास बघेन. पाय ने, पण त्या बाईंना राहू दे. बाक मागे गेलं. धुक्यात पाच हातांपलीकडचं दिसत नव्हतं. मध्येच स्कूटर बंद करून कानोसा घेतला. दोर ताणला की गुणगुणतो, मैलभर ऐकू येतं. गुणगुण नव्हती. यंत्राची घरघर होती, पण एका जागीच.

थांबलेल्या गाडीचे दोनच अर्थ होते.

पाटीजवळ नारिंगी दिवा गरगरत होता. गाडी कढईच्या तोंडाशी उभी, आत कुणी नाही. बर्फावर एक लाल स्की पडलेली, भाड्याची, रेझीच्या दुकानाचा शिक्का असलेली. एकच. दुसरी नव्हती. मी स्कूटरवरून उतरायला गेले आणि पाय दुमडून तोंडावर पडले. तशीच हाताकोपरांवर पुढे सरकले. "हार्म्सबाई!" म्हणून ओरडले. कडेवरून एक दोरी खाली कढईत गेली होती. पोलादी नव्हती, साधी हातदोरी. ती हलत होती.

आधी आम्ब्रोसचं डोकं वर आलं. मग त्याच्या पाठीला बांधलेल्या हार्म्सबाई. दुसरी स्की त्यांनी काठीसारखी हातात धरली होती. ओठ निळे पडले होते, पण मला पाहिल्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"आलात! मी ह्यांना सांगितलं ना, बुर्गीबाई आल्याशिवाय मी हलणार नाही. हे ऐकेचनात. तुमचा आवाजही आला होता मला, बंद झालं म्हणून. मी ओ दिली. म्हटलं, आता येतीलच."

मी बर्फात बसून रडले. बावन्न वर्षांची बाई, भोकाड पसरून.

आम्ब्रोसने त्यांना गाडीत बसवलं, घोंगडी दिली, आपला चहा दिला. मग येऊन माझ्या काखेत हात घातला आणि मला उठवलं.

"दोर?" मी विचारलं.

"अडकवलाच नाही. सडकेने आलो."

"का?"

त्याने आधी माझ्या बाह्यांवरचा बर्फ झटकला.

"सहा वर्षांत तू मला कधी नावाने हाक मारली नाहीस," तो म्हणाला. "रेडा, खांब, मुका, काय काय म्हणालीस. आज आम्ब्रोस म्हणालीस. मला भीती वाटली."

"मग तेव्हाच विचारायचंस ना, खरंच रिकामा का म्हणून!"

"तू हो म्हणाली असतीस."

खरं होतं ते. मी हो म्हणाले असते.

गाडीत आम्ही तिघे दाटीवाटीने बसलो. हार्म्सबाई मध्ये, आम्ब्रोसच्या डब्यातला पाव आणि सुकवलेलं मांस खात, मला सांगत होत्या की माणसाने शब्द पाळावा तर असा. मला तो प्रत्येक शब्द लागत होता. बाक आलं तेव्हा मी म्हटलं, "थांबव."

वॉकीटॉकी जिवंत झाली होती. लोईस, रेझी, श्टेगर, सगळे एकदम विचारत होते. मी बटण दाबलं. या वेळी अंगठ्याने कुरबुर केली नाही.

"बुर्गी बोलतेय. बाई सुखरूप आहेत. चार नंबर रिकामा नव्हता. माझा गुडघा महिनाभर गेलेला आहे, मी लपवला. आज कढईत उतरले नाही आणि न बघता रिकामा म्हणून सांगितलं. आम्ब्रोसने माझं ऐकलं नाही म्हणून बाई वाचल्या. श्टेगर, उद्यापासून कुणीतरी धडधाकट माणूस बघ."

हार्म्सबाईंनी खाणं थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही.

आम्ब्रोसने पुढे वाकून स्वतःची वॉकीटॉकी उचलली. मी हातभर अंतरावर बसले होते, तरी त्याने बटण दाबलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"समजलं," तो म्हणाला.