घरटी एक भाकरी

भाकरीची ती कल्पना माझी होती, हे आधीच सांगून टाकते. सुरुवातीला गावात पुष्कळांनी ती आपली म्हणून मिरवली आणि पुढं काय झालं ते कळल्यावर कुणीच पदरात घेईना. तेव्हा ती माझीच. मी सत्यभामा, सातवी पास, महिला मंडळाची अध्यक्षा, बलभीमची बायको.

शहाऐंशी सालचा दुष्काळ होता. आमच्या गावापासून तीन मैलांवर, वरच्या अंगाला, सहकारी साखर कारखाना. त्याचं मळीचं पाणी ओढ्यात सोडायचे. पाऊसपाणी बरं असलं की ते वाहून जायचं, निदान आम्ही तसं समजायचो. त्या वर्षी ओढ्याला दुसरं पाणीच नव्हतं. होतं ते काळं, फेसाळ, आणि वास असा की तहानलेलं जनावर तोंड फिरवायचं. ओढ्याकाठची बौद्धवाड्याची विहीर आधी बिघडली. तिथल्या पुतळाबाईचा एकुलता एक बाबू, बारावी शिकलेला. तो बाटलीत ते पाणी भरून पारावर आला आणि म्हणाला, आमची विहीर गेली, महिन्याभरात तुमची जाईल. पारावरच्या लोकांनी ऐकून घेतलं आणि तंबाखू मळली. जळतं त्याला कळतं. तिसऱ्याच आठवड्यात आमच्या विहिरीचं पाणी पिवळं पडलं, पोरांना जुलाब सुरू झाले, आणि सगळ्या गावाला बाबू आठवला.

अर्ज त्यानंच लिहिले. तहसीलदाराला, कलेक्टरला, कारखान्याच्या चेअरमनला. अक्षर मोत्यासारखं. उत्तर कुठूनच आलं नाही. मग एका सकाळी सहा जण फावडी-घमेली घेऊन गेले आणि ज्या नाल्यातून मळी ओढ्यात पडते त्याचं तोंड त्यांनी दगडमातीनं बुजवलं आणि वर बसून राहिले. कुणाला हात लावला नाही की शिवी दिली नाही. दुपारी पोलिसांची गाडी आली. माझा नवरा बलभीम, बाबू, म्हातारे ज्ञानोबानाना आणि आणखी तिघं, सहाच्या सहा तालुक्याला, भूमच्या सबजेलात गेले.

तहसीलदार साहेबांचं म्हणणं साधं होतं. आमची चूक झाली, पुन्हा कारखान्याच्या हद्दीत पाऊल टाकणार नाही, असं लिहून द्या आणि घरी जा. सहा जणांनी आत शपथ घेतली, लिहून द्यायचं नाही. पंधरा दिवसांनी पाणी तपासणारे साहेब औरंगाबादेहून येणार होते. सहा जण तोवर आत राहिले तर हे कशापायी चाललंय ते बघायला त्या साहेबांना नाल्यापर्यंत यावंच लागलं असतं. एकानं जरी चूक कबूल केली तर कारखाना म्हणणार, बघा, नुसता खोडसाळपणा होता. गावाचं पाणी त्या सहा जणांच्या एका नकारावर अडून होतं.

बाहेर आम्ही बायका होतो. रोज सकाळी पायी भूमला जायचं, कचेरीसमोरच्या लिंबाखाली गप्प बसून राहायचं, दिवस कलायच्या आत परत. सबजेलात घरची भाकरी चालायची. मी म्हटलं, बलभीमला माझी, नानांना त्यांच्या सुनेची, असं नको. घरटी एक भाकरी गोळा करू, रोज दहा-बारा घरं, पाळीपाळीनं. सगळ्या एका फडक्यात बांधू आणि आत सहा जण मिळून खातील. गाव पाठीशी आहे हे त्यांना कळू दे. गाव करी ते राव न करी. दुष्काळात घराघरात पिठाचा डबा खडखडत होता, तरी एका घरानं नाही म्हटलं नाही. मला गावाचा इतका अभिमान वाटला की काय सांगू.

तिसऱ्या दिवशी, भाकरीच्या पहिल्या सकाळी, मी पाटी घेऊन घरोघर फिरले. बरोबर सासूबाई होत्या, धुरपदाबाई. आमच्या आळीच्या टोकाला पुतळाबाई आधीच येऊन उभी होती. दोन भाकऱ्या, गरम, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात. मी हात पुढं केला तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, हिची वेगळी बांध, नाना खायचे नाहीत. आणि मी, अध्यक्षा, काय केलं? मी हसून म्हणाले, "पुतळाबाई, आईच्या हातची चव येगळीच असती. तुझी तुझ्या बाबूला येगळीच पाठवू." माझ्या आईच्या वयाची बाई, पण तिला 'तू' म्हणायचं हे आमच्या जिभेला शिकवावं लागत नाही. कुणाचं मन न दुखवता मी प्रश्न सोडवला असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, मी मनात स्वतःची पाठसुद्धा थोपटली.

तेव्हापासून रोज दोन गाठोडी जाऊ लागली, एक मोठं नि एक छोटं.

पुतळाबाई आमच्याबरोबर कचेरीसमोर बसायची. रांगेत शेवटी, जिथं लिंबाची सावली संपते तिथं. तिला तिथं बस असं कुणी म्हटलं नव्हतं. दुपारी सावली तिच्याकडं सरकायची, मग आम्ही सावलीत सरकायचो, आणि तीही तेवढीच सरकायची, पुन्हा उन्हात. हे मी पाहत होते. पाहून न पाहिल्यासारखं करायला काही शिक्षण लागत नाही.

नवव्या दिवशी परतीच्या वाटेवर ती माझ्याजवळ आली.

"बाई, एक इचारू का? माझ्या दोन भाकरी तुमच्या फडक्यात बसत न्हाईत का?"

मी म्हणाले, बसायला काय झालं, पण त्याला तुझीच गोड लागते. ती थोडी चालली.

"काल त्यानं माघारी धाडल्या," ती म्हणाली. "जशाच्या तशा."

मी म्हणाले, जेलात पोट भरत असेल. देवा, मी खरंच तसं म्हणाले.

अकराव्या दिवशी सकाळी सबजेलाचं दार उघडलं आणि बाबू एकटा बाहेर आला. लिहून देऊन आला होता. बायका उभ्या राहिल्या. फुटला, असं कुणीतरी म्हणालं. सासूबाई थुंकल्या. आणि मी पुढं होऊन त्याला म्हणाले, "गावाचं पाणी घालवलंस, बाबू." त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग आईला हाताला धरून उठवलं आणि दोघं निघून गेली.

त्या आठवड्यात बाकीच्या पाचांनीही लिहून दिलं. एक दगड निसटला की बांध कुठं राहतो? औरंगाबादचे साहेब आले, कारखान्यावर जेवले, कारखान्याच्या माणसांनी मोकळा केलेला नाला लांबून पाहिला आणि गेले. ओढ्यात मळी पुन्हा वाहू लागली.

बलभीम घरी आला तो मुका होऊन. आम्ही सगळी बाबूच्या नावानं बोटं मोडायचो आणि हा उठून बाहेर जायचा. पाचव्या-सहाव्या दिवशी मीच खनपटीला बसले, तेव्हा त्यानं सांगितलं.

पहिले दोन दिवस आत जेलाचंच जेवण होतं. सहा जण एका थाळीत जेवले, नानासुद्धा. जेलात कसली आलीय जात, असं नानाच म्हणाले होते. मग आमची गाठोडी आली, दोन. पहिल्या दिवशी बाबू हसला, आईची माया म्हणाला. दुसऱ्या दिवशीही दोन, तिसऱ्या दिवशीही दोन. तेव्हा त्यानं आपलं फडकं सोडलं आणि आपल्या दोन्ही भाकऱ्या मोठ्या गाठोड्यातल्या भाकऱ्यांवर ठेवल्या. नानांचा हात तिथंच थांबला. नाना म्हणाले, आज माझी एकादशी आहे. एकाला पोटात दुखायला लागलं. दोघांनी तोंड फिरवलं.

"अन् तुमी?" मी विचारलं.

 "म्या पानी प्यालो," तो म्हणाला. "भूक न्हाय म्हणलं."

बाबू काय म्हणाला, हे मी विचारलं.

"काय न्हाय. आपल्या भाकरी उचलल्या. नानाला म्हणला, एकादशी परवा हाय, नाना."

मला रडूसुद्धा आलं नाही. काळीज जळाल्यावर पाणी कुठून येणार? गाव पाठीशी आहे हे त्यांना कळावं म्हणून मी भाकरी पाठवली होती, आणि कोणाच्या पाठीशी नाही, तेच रोज सकाळी बांधून पोचवत होते.

दुसऱ्या दिवशी कळलं, बाबू आईला घेऊन सोलापूरला चाललाय, कायमचा. मी भूमच्या एसटी स्टँडवर धावत गेले. वाटभर शब्द जुळवत होते. बाबू, चूक माझी होती. पुतळाबाई, मला पदरात घे. सहा मैल हेच घोकत गेले.

ती दोघं बोचक्यावर बसली होती. पुतळाबाईनं मान वर केली नाही. बाबू उठून उभा राहिला आणि म्हणाला, या वैनी. माझे ओठ हलले. पण बाहेर आलं ते भलतंच.

"बाबू, नव्यानं अर्ज दिला तर तपासणी हुईल म्हणतो कचेरीतला कारकून. तुझ्याबिगर कुणाला तसा लिहिता येत न्हाय."

 त्यानं पिशवीतून वही काढली, पान फाडलं, बाकावर बसून लिहू लागला. नाला कुठं, मळी कधीपासून, ओढ्याचं अंतर, कुठल्या विहिरी, किती पोरं आजारी. एक गोष्ट सोडली नाही. 'आम्ही समस्त गावकरी' अशी सुरुवात. लिहून झाल्यावर त्यानं मला वाचून दाखवलं. मी म्हणाले, पहिली सही तू कर.

त्यानं पेनाला टोपण लावलं. "न्हाय वैनी. समस्तात कोण कोण येतं, ते मला आत कळलं."

तेवढ्यात सोलापूरची गाडी लागली. पुतळाबाईनं बोचकं डोक्यावर घेतलं आणि माझ्या अंगावरून जाताना म्हणाली, "येते, बाई." त्यावर 'ये' म्हणायची रीत आहे. माझ्या तोंडून ते एवढंसं अक्षरही फुटलं नाही. गाडी हलली, धुरळा उडाला, आणि मी कागद भिजू नये म्हणून पदराखाली धरून तिथं उभी राहून रडले.

गावात पोचले तर सगळे पारावर वाट बघत होते. कागद हातोहात फिरला. सगळ्यांत आधी ज्ञानोबानानांनी अंगठा उठवला आणि म्हणाले, पोराचं अक्षर काय पण देखणं आहे. बायकांनी विचारलं, भेटला का, काय बोलणं झालं? मी कागदाकडं बोट केलं. माफी मागायला गेले होते, अर्ज लिहून घेऊन आले.