लांबची नजर

लेकानं हौसेची मोटारहोडी घेतली आणि पहिल्याच दिवशी मला म्हणाला, "आई, तू आपली काठावरच बस. काही झालंच तर होडी सांभाळू की तुला?"

चार पोरं वाढवली, सासू सांभाळली, नवऱ्यालासुद्धा वळण लावलं, आणि आता मीच सांभाळायचं गाठोडं झाले. मी काठावर बसले. म्हणजे, बोलायचं ते बोलून मग बसले.

सून वाचणारी आहे. कुणी पाण्यात पडलं तर काय करायचं, याची तिनं आधी तालीम मांडली. माणूस म्हणून माझा रिकामा डबा पाण्यात टाकला. होडी वळेपर्यंत लेक, सून आणि व्याही एकमेकांना शिकवण्यात असे गुंगले की डबा कुणालाच दिसेना. मी काठावरून डब्याच्या दिशेनं हात रोखला. डबा माझा, घट्ट झाकणाचा; त्याच्यावरून माझी नजर हटतेय कशाला? माझ्या हाताच्या रोखानं गेले तेव्हा सापडला.

सुईत दोरा मला ओवता येत नाही, पण लांबचं बघण्यात माझा हात कुणी धरणार नाही. सुनेनं तिथंच ठरवलं, सासूबाई होडीत हव्यात. व्याह्यांनी दोरी बांधलेलं तरंगतं कडं फेकायचं, आणि सासूबाईंनी पडलेल्या माणसाकडे हात रोखून ठेवायचा, दुसरं काही करायचं नाही. व्याही म्हणाले, "विहीणबाईंना हे शिकवायला नको. लग्न ठरल्यापासून त्या माझ्याकडे बोट दाखवताहेत." मी म्हटलं, दाखवण्यासारखं असतं म्हणून दाखवते.

सगळ्यांना नारंगी जाकिटं होती. लेकानं स्वतःपुरतं निळं आणलं, कारण नारंगीत तो म्हणे भोपळ्यासारखा दिसतो. दिसतोच, पण पाण्यात भोपळा निदान सापडतो. तेही अंगात घालायला तयार नव्हता. घराच्या किल्ल्या माझ्या कमरेला असतात; त्यात मी होडीचीही खोवली आणि बसून राहिले. त्यानं जाकिटाचे पट्टे आवळले, तेव्हा काढून दिली.

फेरी मारून परतताना वारा उठला. पुढची दोरी सुटून लोंबत होती. चाक सुनेच्या हाती देऊन लेक तिकडे गेला, वाकला, तेवढ्यात होडीला हिसका बसला आणि तो दिसेनासा झाला.

मी उठून उभी राहिले, डाव्या हातानं कठडा धरला, उजवा रोखला. होडी काही जागच्या जागी थांबत नाही. ती पुढं गेली, मग सुनेनं वळवली. होडी फिरली तशी मी उलटी फिरत गेले. उन्हानं पाणी चकाकत होतं आणि त्यात माझ्या शहाण्याचं निळं जाकीट. एक डोकं तेवढं वर-खाली होत होतं. मग एक लाट मध्ये आली आणि तेही गेलं.

"सासूबाई, दिसताहेत का?" सुनेचा आवाज फाटला होता.

"दिसत नाही. पण तिथंच आहे. माझ्या हाताकडे बघ आणि चल."

व्याही काहीतरी पुटपुटत होते. मी मान वळवली नाही. खांद्यात कळ भरली होती. लाट ओसरली. डोकं माझ्या बोटाच्या अगदी टोकावर होतं.

सून वाऱ्याच्या तोंडावर होडी घेऊन हळू जवळ गेली आणि इंजिन बंद केलं, पंखा पायाला लागू नये म्हणून. व्याह्यांचं पहिलं कडं भलतीकडेच पडलं, दुसरं नेमकं लेकाच्या हातात. दोरीनं ओढून त्याला मागच्या शिडीशी आणलं. चढताना तो गुडघ्यावर आला, खोकला, थुंकला. व्याही रडत होते आणि आपण रडत नाही असं सांगत होते.

सुनेनं माझा हात धरला. "सासूबाई, आता खाली घ्या."

"पुरता वर येऊ दे त्याला."

दुसरा पाय आत पडला तेव्हा मी हात खाली घेतला. लेक माझ्या पायाशीच बसला होता, थरथरत. म्हणाला, "पाण्यातून काही दिसत नव्हतं, आई. फक्त तुझा हात दिसत होता. तो माझ्याकडेच होता, म्हणून हातपाय मारत राहिलो."

मी न रागावता पदरानं त्याचं डोकं पुसलं. असं क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवते.

काठावर आल्यावर होडीची किल्ली मी सुनेच्या कमरेला खोवली. लेकानं बघितलं आणि मान डोलावली.

पुढच्या सुट्टीला तोच दाराशी येऊन उभा राहिला, अंगात नवंकोरं नारंगी जाकीट. "चल आई," म्हणाला, "तुझ्याशिवाय होडी सुटायची नाही."

भोपळाच दिसत होता. माझा भोपळा. मी चप्पल घातली.