धमनी रुंदावलीच नाही

"पुन्हा दाबलंस!" विल्मा पडद्याकडे बघत म्हणाली. वीस वर्षं हेच काम करणारी तंत्रज्ञ ती, तिच्या नजरेतून काही सुटत नसे. "नवी पोरं सोनोग्राफीचं यंत्र हातावर रेटतात आणि धमनी चपटी करून ठेवतात. बाद कर हे."

तालियाने चित्रण पुसलं नाही. विनिपेगच्या या प्रयोगशाळेत तिच्या प्रबंधासाठी शेवटचा एकच माणूस उरला होता, डार्सी. उद्या सकाळी तो हॉकी संघाबरोबर गाव सोडणार होता. आजचं मोजमाप गेलं की अख्खा प्रयोग अपुरा.

कोपराखाली पट्टा आवळून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग एकदम सोडायचं. लोंढा आला की निरोगी धमनी रुंदावते. मघाशी डार्सीची सात टक्क्यांनी रुंदावली होती. मग प्रयोगाचाच भाग म्हणून त्याने निकोटिनची ई-सिगारेट ओढली, आणि आता जेमतेम दोन टक्के!

"बाई, उठू का? रात्रीपासून उपाशी आहे, पोटात कावळे कोकलतायत," डार्सी म्हणाला.

"हलू नकोस!" तालियाने चित्रण मागे नेलं. एक एक चित्र पुढे सरकवताना ती एका चित्रावर थांबली. "विल्मा, इकडे बघ. धमनीशेजारची शीर!"

"तिचं काय?"

"मी दाबलं असतं तर आधी ती चपटी झाली असती. किती नाजूक असते! ही तर टम्म गोल आहे. आणि लोंढाही मघाइतकाच आलाय. रक्त आलं, विल्मा, पण धमनी फारशी फुललीच नाही!"

विल्माने चष्मा नाकावर सरकवला. पुन्हा बघितलं. तिसऱ्यांदाही बघितलं.

"मानलं पोरी. ग्राह्य धर हे मोजमाप."

तालियाने उडीच मारली. खुर्ची भिंतीवर जाऊन आदळली.

"म्हणजे मी पास?" डार्सी हसला.

"मोजमाप पास," ती म्हणाली, आणि मग तिला जाणवलं की न फुललेली ती धमनी त्याची होती. "एका माणसावरून सिद्ध काही होत नाही हं. सगळ्यांचे आकडे एकत्र मांडायचेत अजून."

"ई-सिगारेट म्हणजे नुसती वाफ असते, असं मी संघातल्या पोरांना सांगत फिरतो." त्याने मान वळवली. "आधीचं आणि नंतरचं, दोन्ही चित्रणं शेजारी शेजारी लाव बघू."

तिने लावली. पडद्यावर डावीकडे, आधीच्या चित्रणात, धमनी सावकाश फुलत गेली. उजवीकडे, ई-सिगारेटनंतरची, जवळजवळ तशीच राहिली.

डार्सी भूक विसरून उठून बसला. "पुन्हा लाव."