अधोलीवरची शीग

माझ्या पोटात दोन शेर तांदूळ मावतात. त्याहून जास्त घातले की ते माझ्या तोंडावर निमुळते उभे राहतात. त्याला शीग म्हणतात. मित्रांनो, मी धान्य मापायची एक जुनी लाकडी अधोली आहे. पण माझी गोष्ट पोटातल्या तांदळाची नाही, वरच्या शिगेची आहे.

खालापूरहून कुंभिवलीकडे जाताना आत डोंगराच्या पायथ्याशी आमचे गाव आहे. तिथल्या सुताराने शिवणीच्या ओंडक्यातून मला कोरून काढले आणि लोहाराने माझ्या तोंडाला लोखंडी कडे बसवले. पहिली दोन वर्षे मी गजा पाटलांच्या खळ्यावर राबले. मापताना पहिल्या मापाला कोणी ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणत. त्यामुळे लहानपणी मला वाटे, माझे नावच लाभ आहे.

एकोणीसशे चौदाच्या सुमारास नागू मास्तर खालापुरात मराठी सातवी पास होऊन गावी परत आले. लोकल बोर्डाची सरकारी शाळा दोन कोस लांब, आणि मध्ये ओढा. मास्तरांनी आपल्या पडवीत शाळा मांडली. भातशेती असलेल्या घरांनी मुलामागे महिन्याला एक अधोली तांदूळ फी म्हणून द्यावी, असे ठरले. गजा पाटलांनी मला खळ्यावरून उचलून मास्तरांच्या हाती दिले. “घ्या. हिनं आमाला बरकत दिली, तुमाला पन देईल,” असे ते म्हणाले. त्या वेळी त्यांचे मन मोठे होते. पुढेही लहान झाले असे मी म्हणणार नाही.

आमच्याकडे देणारा नेहमी शिगोशीग देतो. सपाट माप देणे कमीपणाचे. मास्तर मात्र फी घेताना माझ्या तोंडावरून एकदा तळहात फिरवत. शीग खाली धरलेल्या सुपात पडे. पोटातले तांदूळ मास्तरांचे. सुपातले तांदूळ कोपऱ्यातल्या मडक्यात जात. डोंगराच्या अंगाच्या कातकरवाडीतून सात-आठ मुले शाळेत येत. त्यांच्याकडून मास्तर काही घेत नसत. दुपारी त्या मडक्यातल्या तांदळाची पेज परसात तीन दगडांवर शिजे, आणि वाडीची मुले ती पिऊन पुन्हा पाटी घेऊन बसत.

शाळेला अकरा-बारा वर्षे झाली तेव्हा सूप धरायला दोघीजणी असत. एका बाजूला मास्तरांची मुलगी जया. तिची आई ती तान्ही असतानाच गेली होती. दुसऱ्या बाजूला वाडीतल्या पोशाची मुलगी बुधी. दोघींचे वय नऊ, आणि दोघींत मिळून पाटी एक. मास्तरांचा हात फिरला की बुधी हळूच म्हणे, “पडली गं पडली.” मग दोघी हसत. तो हात मला पाठ झाला होता. करंगळीखाली लिहिताना हात टेकून पडलेला घट्टा होता, तो कड्याला किंचित घासून जाई.

असे दिवस जात होते. मग गावात पंचायत आली. एकोणीसशे सव्वीस साल होते. पाऊस ओसरला होता आणि गाव देवळापुढे जमला होता. मास्तरांनी मला बरोबर नेले होते, माप दाखवायला. विषय एकच होता, मास्तरांच्या शाळेच्या फीवर कर घ्यावा की नाही.

गजा पाटील पंच होते. ते म्हणाले, “तेलाच्या घान्यावं कर हाय, गाडीवं कर हाय. मंग मास्तराच्या पडवीनंच काय पाप केलंय? ही शाळा ज्याच्याकडं तांदूळ हायेत त्याची. ज्याच्याकडं नायत त्यानं मास्तराच्या मर्जीवं ऱ्हायाचं का? चार पैसं जमलं तर बोर्डाला सांगू, आमी कौलं देतो, तुमी मास्तर द्या. फुकट शाळा होईल गावात.”

खोटे काही नव्हते त्यात.

पायरीखाली मोतीबाई बसली होती. तिची दोन मुले आमच्या शाळेत होती. ती म्हणाली, “पाटील, पोरं शिकाया जातात, बाजार कराया नाय. शिकन्यावं कर बशिवला तर तो फिरून आमच्याच डोक्यावं येईल. आनि तुमचं पोर तीन वरसं पयलीतच बसलंय, त्याचा कर कोन भरनार?”

सगळे हसले. पाटीलही हसले. “त्याचा कर मी भरतोय गं रोज, घरी,” ते म्हणाले. मग मास्तरांकडे वळले. “मास्तर, तुमी सांगा. फी घेता ती शिगोशीग का सपाट?”

मित्रांनो, इथे मी मास्तरांच्या मांडीवर होते. त्यांचा हात माझ्या कड्यावर होता. सपाट म्हणावे तर लोक विचारणार, शीग जाते कुठे. वाडीच्या मुलांच्या तोंडी जाते हे काही घरांना रुचणार नाही, ती शीगच द्यायची थांबतील, अशी मास्तरांना भीती होती. बारा वर्षे त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते.

“शिगोशीग,” मास्तर म्हणाले.

“मंग झालं,” पाटील म्हणाले. “पोटातलं मास्तराचं, शीग पंचायतीची. मोजायला नको का लिवायला नको.”

सगळ्यांना ते पटले. मास्तरांच्या ताटातला एक दाणाही कमी झाला नव्हता. कर बसला होता तो परसातल्या तीन दगडांवर, आणि हे सभेत फक्त त्यांना माहीत आहे असे त्यांना वाटत होते.

पुढच्या महिन्यात पंचायतीचा माणूस गोणी घेऊन आला. मास्तरांनी हात फिरवला. शीग गोणीत पडली. सवयीने सूप धरून उभ्या राहिलेल्या दोघी तशाच उभ्या राहिल्या. बुधी काही म्हणाली नाही.

मास्तरांनी पेज बंद केली नाही. ते आपल्या वाटणीतले तांदूळ काढून शिजवू लागले. आधी ते रात्रीचे जेवेनात. मग जयाच्या ताटातला भात कमी झाला. मुले लहान असतात, आंधळी नसतात. एके दुपारी बुधीने वाटी पुढे केली नाही.

“मी खाऊन आलेय,” ती म्हणाली. तिच्या मागच्या मुलानेही तेच सांगितले. मग त्याच्या मागच्याने.

दिवाळी झाली की वाडीतली माणसे कोळसा पाडायला लांबच्या भट्ट्यांवर जात आणि पावसाच्या तोंडावर परतत. मास्तर शाळेत येणारी मुले मागे ठेवून घेत, म्हाताऱ्यांजवळ. पेजेवर ती तगून राहत. त्या वर्षी पोशा पडवीच्या खाली येऊन उभा राहिला.

“भट्टीवं चाललो मास्तर. पोरीला पन नेतो.”

“बुधीचं दुसरं पुस्तक संपत आलंय रे. राहू दे तिला.”

“ऱ्हायली असती. पन हितं राहून खाईल काय?”

पोशाच्या आवाजात राग नव्हता. त्याने खरेच विचारले होते.

बुधीने पदराची गाठ सोडली. आत उन्हाळ्यात वाळवून ठेवलेली मोहाची फुले होती. तिने मला ओढून घेतले आणि फुलांनी भरले, वर शीग उभी केली. एक फूल घरंगळले, ते तिने उचलून परत वर ठेवले. “ही माजी फी,” ती म्हणाली. मास्तरांचा हात सवयीने पुढे आला तशी तिने तो अडवला. “शीग नका काढू मास्तर. ती पंचायतीची हाय.”

ती हसतच म्हणाली होती. जयाही हसली. जयाला ते हसणे पुढे जन्मभर पुरले.

पावसाच्या तोंडावर वाडी परतली. पोशाचे घर परतले नाही. कोणी म्हणाले, ती माणसे घाटावर गेली. कोणी म्हणाले, भट्टीवर ताप आला होता. मास्तर खोपोलीच्या घाटापर्यंत चालत जाऊन चार ठिकाणी विचारून आले. आल्यावर त्यांनी पाय धुतले आणि शाळा भरवली.

ती फुले माझ्यातून काढली तरी वास गेला नाही. मला राखेने घासले, उन्हात ठेवले. माझ्यातून मापलेल्या तांदळालाही मोहाचा वास येऊ लागला. लोक कुरकुर करू लागले, तेव्हा फी मापायला दुसरे माप आले. मी कोनाड्यात गेले. पण पेजेच्या वेळी, भर उन्हात, मास्तर मला खाली घेत. मी रिकामी असे. ते माझ्या तोंडावरून हात फिरवत आणि खाली बघत. काही पडत नसे. जया दारातून बघे आणि आत जाई.

चार वर्षांनी पंचायतीच्या कौलांखाली बोर्डाची शाळा आली. चांगली शाळा. वाडीची पाच मुले तिच्यात बसली. मास्तरांची पडवी रिकामी झाली, आणि त्याचे त्यांना वाईट वाटले नाही. “कर वाईट नव्हता, जये,” ते एकदा म्हणाले. पुढचे वाक्य त्यांनी पुरे केले नाही. जया लग्न होऊन नेरळला गेली. बाजारात सरकारी शिक्क्याची मापे आली आणि मी माळ्यावर गेले, खिळे ठेवायला.

मग कितीतरी वर्षे गेली. मागच्या माघात मास्तर वारले.

तेराव्याला जयाने मला खाली काढले, खिळे ओतले, आणि माझ्यात तोंड घालून बराच वेळ बसून राहिली. मग डोळे पुसून मला पडवीत आणले. गाव बसला होता. गजा पाटील काठी टेकून भिंतीशी होते, आता पुरते म्हातारे.

“ही तर आमच्या खळ्यावरची,” ते म्हणाले.

“गजाकाका,” जयाने विचारले, “शीग कुठं जायची ते तुम्हांला ठाऊक होतं का?”

पाटलांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

“ठावं व्हतं, पोरी. सगळ्या गावाला ठावं व्हतं. परसात चूल पेटली की धूर काय लपतोय? म्हनून तर सभेत इचारलं त्याला, शिगोशीग का सपाट. सपाट म्हनला असता, शीग वाडीची म्हनला असता, तर मी कर मापाच्या पोटातल्या तांदळावं बशिवला असता. त्याला चालला असता तो. पन त्यो बोलला नाय.”

“आणि तुम्ही?”

“आमी पन नाय बोललो.”

मोतीबाईने पदर तोंडाला लावला.

जया आत गेली. तिने मला तांदळाने भरले, शिगोशीग, आणि पडवीत मधोमध ठेवले. खाली सूप ठेवले. मग वडिलांनी कधी न म्हटलेले वाक्य ती सगळ्यांसमोर म्हणाली, “ही शीग वाडीच्या पोरांची.” तिने तळहात फिरवला. शीग सुपात पडली. तांदळाला मोहाचा वास होता. सूप तिने एका बाजूने उचलले, आणि दुसरी बाजू धरायला कोणी नाही हे तिच्या ध्यानात आले. थोडे तांदूळ जमिनीवर सांडले.

मित्रांनो, शाळेच्या फीवर कर असावा की नसावा, हे मला विचारू नका. मी लाकडाची आहे, मला तेवढे समजत नाही. तो बसवाल तर बसवा. पण त्याआधी माझ्यासारख्या मापाखाली सूप कोणी धरले आहे, ते वाकून बघा. आणि तुम्हांला ते माहीत असेल, तर कोणी विचारायची वाट बघू नका.

जयाने मला नेरळला नेले आहे. तिच्या कोनाड्यात मी रिकामी असते. भर दुपारी, घर शांत असले की, माझ्या कड्यावरून एक हात फिरतो. करंगळीखालचा घट्टा लागतो. काही पडत नाही. तरी मी कान देऊन असते, खालून कोणी हळूच म्हणते का, पडली गं पडली.